प्रश्न एका कपाटात, उत्तरं दुसऱ्यात

तुम्ही दोघं मराठी वाचता, पण ओळीखाली बोट ठेवून वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि पुढे नोकरीतला सगळा पत्रव्यवहारही इंग्रजीतच केला. पण ही हकिगत ज्या माणसांची आहे ती माझ्याशी इंग्रजीत बोलली नाहीत. त्यांची बोलणी भाषांतर करून लिहायचा आता कंटाळा येतो.

निमित्त थोरलीचं आहे. तिकडच्या एका मोठ्या ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकांचा विभाग आहे, तिथे नवशिक्या संशोधकांना इंटर्नशिप देतात, त्या इंटर्नशिपला ग्रँट आहे, आणि तू अर्ज करते आहेस. ‘आजी, तू अशा अर्जांच्या समितीवर होतीस ना, मला काहीतरी सांग,’ असं तू फोनवर म्हणालीस. मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला. सल्ला द्यावा असं माझ्याकडे काही नाही. गेल्या वर्षी इथे जे झालं ते सांगते.

मी ज्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं वाचता वाचता डुलक्या घेणारी म्हातारी मंडळी पाहून तुम्ही हसला होता. माडीवर एक खोली आहे, तिथे तुम्हाला नेलं नव्हतं. शिळाछापाची पुस्तकं, पोथ्या, आणि जुन्या घराण्यांनी दिलेले रुमाल तिथे आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्या खोलीत चहा नेता येत नाही आणि हात धुतल्याशिवाय जाता येत नाही. तिकडे हातमोजे देतात का ते कळव. आम्ही हातमोजे कधी वापरले नाहीत. बोटांना कागद कळावा लागतो, नाहीतर तो फाटतो.

मी निवृत्त झाल्यावर एका देणगीदार कुटुंबाच्या मदतीने ग्रंथालयाने एक योजना काढली. नुकतंच एम.ए. झालेल्या एका उमेदवाराने सहा महिने त्या खोलीत बसून एका संग्रहाची यादी करायची. त्याचं दरमहा मानधन. काम पसंत पडलं तर आणखी सहा महिने. सगळे त्याला ‘ग्रँट’ म्हणतात. नियम मी तयार केले, बारा नियम, एका पानात बसणारे. मार्गदर्शक म्हणून सहीही माझीच असे.

गेल्या वर्षी जिची निवड झाली ती वडगावची, इथल्या विणकरांच्या वस्तीतली. घरात दोन पॉवरलूम, वडील आणि भाऊ साड्या विणतात. तिची घरातली भाषा कानडी, गल्लीतली मराठी. इतिहासात एम.ए., आणि मोडी एका सुट्टीच्या वर्गात शिकलेली. मुलाखतीत एका सभासदाने विचारलं, घरचं कसं काय चालतं. ती म्हणाली, ‘लूमचा आवाज येतोय तोवर चालतंय म्हणायचं सर.’ ते ऐकून मी तिच्या नावापुढे खूण केली.

तिच्या मामाने उद्यमबागेतल्या, म्हणजे कारखान्यांच्या भागातल्या, एका फौंड्रीच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. सहा महिने थांबायला तो तयार होता, पुढे नाही. तिचा हिशेब साधा होता. पहिले सहा महिने पसंत पडले तर पुढचे सहा मिळतील, वर्षभरात यादी पुरी होईल, आणि पुरी यादी घेऊन गेलं तर विद्यापीठात पीएच.डी.साठी कुणी मार्गदर्शक तिला हो म्हणेल. पुढचे सहा महिने मिळाले नाहीत तर फौंड्री. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, कुरकुर म्हणून नव्हे, आपण बसची वेळ सांगतो तसं.

तिला जो संग्रह दिला तो शहरातल्याच शहापूर भागातल्या एका जुन्या पेढीचा होता. सूत आणि साड्यांचा व्यापार. दोनएकशे वर्षांपूर्वीपासूनची पत्रं. ती दोन कपाटांत होती. एका कपाटावर ‘मराठी’, दुसऱ्यावर ‘कन्नड’. लाल कापडाचे सारखे रुमाल, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर वळणदार अक्षर.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला वर बोलावलं. गुडघ्यांमुळे मी तो जिना दिवसातून एकदाच चढत असे, आणि त्या दिवशीचं चढून झालं होतं. तरी गेले. तिने मराठी कपाटातली पाच-सहा पत्रं मांडून ठेवली होती. एकात लिहिलं होतं, लिहिल्याप्रमाणे केले. दुसऱ्यात, तो मनुष्य अद्याप आला नाही. तिसऱ्यात, रंगाविषयी म्हणता ते खरे. कोण मनुष्य, कसला रंग, काही कळत नव्हतं. फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकावी तसं. मग ती उठली आणि कन्नड कपाटातलं एक पत्र त्यांच्याशेजारी ठेवलं. ते तिने मला वाचून दाखवलं. गदगच्या एका व्यापाऱ्याने विचारलं होतं, काठाचा लाल रंग पहिल्या धुण्यात उतरला, आता काय करायचं. पेढीवर पत्रं कन्नडमध्ये येत आणि उत्तरं मोडीत जात, उत्तराची नक्कल तिथेच ठेवत. प्रश्न एका कपाटात होते, उत्तरं दुसऱ्या कपाटात.

‘पण हेच त्याचं उत्तर कशावरून?’ मी विचारलं.

तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरले. कसरीने पाडलेली भोकं दोन्ही कागदांत अगदी एकाच जागी होती. उजेड सात-आठ ठिकाणी आरपार आला. त्यांच्यामध्ये आणखी एक कागद घातला तर एक भोक बुजलं. तो कागद तिथला नव्हता.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या घरी नक्षीच्या साडीसाठी मागावर जॅकार्डचं यंत्र आहे. त्याला भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात, ते क्रमाने दोऱ्याने ओवावे लागतात, आणि एक पुठ्ठा मागेपुढे झाला की काठावरचं फूल तुटतं. लहानपणापासून पुठ्ठे ओवायचं काम तिचं होतं. भोक बघून क्रम लावायची तिला सवय होती. किडा सरळ खाली खात जातो, ती म्हणाली, त्याला भाषा कळत नाही.

मी हसले असेन. तेव्हाच ती कपाटांकडे बघून म्हणाली, ‘हे ज्यानं केलंय ना मॅडम, त्याला कागद कळत नव्हते. निस्ती टापटीप. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात बघा, तसलं आवरलंय.’

‘काही कारण असेल,’ मी म्हणाले.

‘कारण कसलं. मराठी-कानडीचं भांडण असणार. भावाभावांची वाटणी झाली. भांडी वाटून घेतली, झाकणं त्याला आणि डबे ह्याला.’

ते मी केलं होतं.

पस्तीसेक वर्षं झाली. त्या दिवसांत आपल्या सीमेवरच्या शहरात भाषेवरून सारखं वातावरण तापलेलं असे. ग्रंथालयाच्या सभेत एक गट विचारी, मराठीचं किती आहे. दुसरा विचारी, कन्नडचं किती. उत्तर कुणाला देता येत नसे, कारण पेढीचे रुमाल जसे आले तसेच ठेवलेले होते. मी नवी ग्रंथपाल, वय चाळिशीच्या आत, आणि बाई. मला वाटलं, आकडा हातात दिला की भांडण मिटेल. सहा आठवडे मी दुसरं काही केलं नाही. रुमाल सोडायचा, कागद उलगडायचे, मोडी डावीकडे, कन्नड उजवीकडे. काही कागदांवर दोन्ही लिप्या होत्या. त्यांचं काय करायचं ते मी एका दुपारात ठरवलं: पहिली ओळ ज्या लिपीत, त्या बाजूला. मग दोन्ही बाजूंचे कागद आकाराप्रमाणे लावले. मोठे खाली, लहान वर. जुनी कापडं फेकून दिली, नवं लाल कापड आणलं, चिठ्ठ्या लिहिल्या. दोन्ही गटांनी सभेत माझं कौतुक केलं. त्या सभेत दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट. पुढच्या सभेपासून आकड्यावरून भांडण सुरू झालं.

बांधायला अण्णा असत. ते आमचे शिपाई. निपाणीचे. आईवडील तिथल्या तंबाखूच्या वखारीत मजुरी करत. अण्णा सातवीपर्यंत शिकले होते, मोडी त्यांना येत नव्हती. पण ते रुमाल वर्षानुवर्षं त्यांनीच झटकले होते, वाऱ्यावर टाकले होते आणि जसेच्या तसे परत बांधले होते. कामाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘बाई, हे एका घरातलं बोलणं हाय. असं मधनं तोडू नये.’

मी म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही गाठ घट्ट मारा.’

त्यांनी कापड पुन्हा उचललं. गाठी घट्ट मारल्या.

हे सगळं मला त्या खिडकीपाशी आठवलं, आणि तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी खाली आले, रजिस्टरवर सही केली आणि रिक्षा बोलावली. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी खूप उकडत होतं. तिसऱ्या दिवशी ती कामात होती. या वयात काही कबूल करायचं म्हटलं तरी आधी बसून श्वास घ्यावा लागतो, आणि बसलं की उठावंसं वाटत नाही. हे कारण नव्हे हे मला कळतं. लोक आयुष्यभर मला टापटीपीची म्हणत आले, आणि तोच शब्द तिने तसा वापरला. तो मला लागला होता.

ती मात्र पुढे चालली होती. भोकांवरून, डागांवरून, घड्यांवरून ती जुने रुमाल पुन्हा जुळवत होती. यादीही मराठीची वेगळी, कन्नडची वेगळी अशी करायचं तिने सोडून दिलं. मूळ रुमालाप्रमाणे एकच यादी, प्रश्न आणि त्याखाली त्याचं उत्तर. ती वाचायला लागलं की थांबवत नसे. कोणाचा माग बंद पडला, कोणाच्या मुलीच्या लग्नाची साडी वेळेत पोचली नाही, सगळं समजायचं.

पाचव्या महिन्यात ग्रंथालयाचे सेक्रेटरी वर आले. दोन कपाटांतले कागद एका टेबलावर बघून त्यांनी भुवया उंचावल्या. ते मला म्हणाले, मॅडम, नियम तुमचाच आहे, सातवा. उमेदवाराने विद्यमान मांडणीत कोणताही बदल करू नये. मी तो नियम का लिहिला होता हे मला त्या क्षणी नीट कळलं, आणि ते कळून बरं वाटलं नाही.

तिने त्यांना भोकं दाखवली. ‘किड्यांची साक्ष काढतेस होय,’ असं म्हणून ते हसले. मग समजावणीच्या सुरात त्यांनी सांगितलं, की हे कागद पूर्वी एकत्र होते याचा काही पुरावा असेल तर समितीपुढे ठेव. नाहीतर मांडणी बिघडवली असं म्हणावं लागेल, आणि मग पुढचे सहा महिने कसे देणार. तोवर कागद आपापल्या कपाटांत.

ते एकत्र पाहिलेला माणूस शोधायची कल्पना तिची. जुन्या हजेरीपटातून तिने अण्णांचं नाव काढलं, पेन्शनच्या कागदांतून निपाणीचा पत्ता. मला म्हणाली, तुम्ही चला मॅडम, तुम्हाला ते ओळखतील, मला कोण सांगणार. नाही म्हणायला मला काही सुचलं नाही.

आम्ही सकाळच्या बसने गेलो. इकडे सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, त्यामुळे बस भरलेली. एका मुलाने मला जागा दिली. ती माझ्या सीटला टेकून उभी होती आणि काय काय विचारायचं त्याचे कागद परत परत बघत होती. मी सबंध वाट एवढंच ठरवत होते, की अण्णांनी सांगण्याआधी आपण सांगावं. निपाणी आली.

अण्णांचं घर आता दुमजली आहे. मुलगा इंजिनिअर, सून कॉलेजात शिकवते. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट. अण्णा खूप वाळले आहेत. त्यांनी मला त्यांच्याच खुर्चीत बसवलं. ग्रंथालयात पंचवीस वर्षं ते जिन्याखालच्या स्टुलावर बसत, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. सुनेने उप्पीट आणलं. अण्णांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, तुमच्या आईची केली. मग तिने विचारायला सुरुवात केली.

‘अण्णा, पेढीचे रुमाल सोडून वेगळे कुणी केले?’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी चमचा बशीत ठेवला.

‘वरनं हुकूम आलता,’ ते म्हणाले. ‘आमी काय, सांगतील तसं बांधायचं.’

‘कुणाचा हुकूम?’

‘लई वर्सं झाली गं. सायेब लोक बदलत व्हते.’ आणि लगेच, तिने आणखी विचारू नये म्हणून असेल, ते पुढे बोलू लागले. ‘पन एवढं ध्यानात हाय. सगळं एकातच व्हतं. खाली कानडी, त्येच्यावर मराठी, परत कानडी. पाटीत भाकरी रचल्यागत. म्या झटकताना कवा त्यो क्रम मोडला न्हाय.’

‘हे लिहून दिलं तर सही कराल?’

‘न करायला काय झालं. लिव.’

तिने लिहिलं. सुनेने वाचून एक शब्द बदलायला सांगितला. अण्णांनी चष्मा लावून सावकाश सही केली. निघताना ती चप्पल घालत असताना ते मला हळूच म्हणाले, ‘बाई, पोरगी हुशार हाय.’ एवढंच. टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. तिच्या मांडीवर तो कागद होता. मी अजूनही सांगितलं नाही, आणि तिनेही काही विचारलं नाही. मला वाटलं, दमली असेल.

सेक्रेटरींनी कागद वाचला आणि फाइलला लावला. निवृत्त शिपायाचं म्हणणं आहे, समितीपुढे ठेवू, असं ते म्हणाले. त्यांचा सूर ऐकून तिला जे कळायचं ते कळलं. पुढच्या आठवड्यात हात धुता धुता तिने मला सांगितलं, की ती मामाबरोबर उद्यमबागेत जाऊन आली आणि एक तारखेपासून येते असं कळवून आली. समितीची सभा त्याआधी चार दिवस होती. ‘सभेला मी येते मॅडम,’ ती म्हणाली, ‘यादी तरी दाखवते.’

सभेत पाच जण होते. मराठीच्या बाजूचे गृहस्थ म्हणाले, मराठी कपाट आहे तसं राहावं. कन्नडच्या बाजूच्या गृहस्थांनी तेच कन्नडमध्ये सांगितलं. इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा दोघांचं पटलं होतं. ती यादी उघडून उभी होती आणि कुणी ती बघत नव्हतं. अध्यक्षांनी तिला विचारलं, असं का केलं बाळ, मांडणी चांगली होती ना. ती म्हणाली, आधी सगळं एकत्र होतं सर, अण्णांनी लिहून दिलंय. अध्यक्ष म्हणाले, ते ठीक आहे, पण ते शिपाई होते. तिच्या फाइलमधून लाल रुमालाच्या एका चिठ्ठीची झेरॉक्स बाहेर डोकावत होती. मी माझं अक्षर ओळखते.

तिने ती बाहेर काढली नाही. मी वाट पाहिली. तिने यादी मिटली आणि खाली बसायला लागली.

तेव्हा मी बोलले. ‘मांडणी हिने बिघडवलेली नाही. ती मी बिघडवली. पेढीचे रुमाल मी सोडले आणि भाषेप्रमाणे वेगळे केले. ते एकत्र होते. अण्णांनी मला त्याच वेळी सांगितलं होतं, करू नका म्हणून.’

अध्यक्ष म्हणाले, त्या वेळच्या परिस्थितीत ते योग्यच होतं मॅडम. मी म्हणाले, नव्हतं. सेक्रेटरींनी हे लेखी द्याल का विचारलं, आणि मी तिथेच, समितीच्या पॅडवर, इंग्रजीत लिहून दिलं. लिपी दुसरी, वळण मात्र चिठ्ठ्यांवरचंच होतं.

मग सगळं लवकर आटपलं. तिला पुढचे सहा महिने मिळाले. या संग्रहापुरता सातवा नियम लागू नाही असं ठरलं. मार्गदर्शक दुसरे नेमले, कारण ज्याची चूक त्यानेच तपासायची हे बरं नव्हे, आणि मलाही ते पटलं. अध्यक्षांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ती माझ्यासाठी थांबली होती. मी विचारलं, तुला कधी कळलं. निपाणीहून आल्यावर, ती म्हणाली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं ते तिने पाहिलं होतं. मग माझ्या रजिस्टरमधल्या सह्या आणि चिठ्ठ्या ताडून बघितल्या.

‘मग सभेत चिठ्ठी का काढली नाहीस?’

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले.’ पायरी उतरता उतरता म्हणाली, ‘नसता बोलला तर गेले असते फौंड्रीत.’

तिच्या आवाजात राग नव्हता, आभारही नव्हते. फौंड्रीत नाही येत म्हणून सांगायला तिला एकटीला जावं लागलं. मामा अजून त्यांच्या घरी येत नाही, असं मला इतरांकडून कळलं. मी सभेपर्यंत न थांबता तिसऱ्या आठवड्यातच बोलले असते तर त्याला तोंडघशी पडावं लागलं नसतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती स्कूटरवरून माझ्या घरी आली. मला वाटलं, भेटायला आली. पण तिने वही काढली आणि समासाची ओळ आखली. म्हणाली, अण्णांचं लिहून झालं, आता तुम्हीच उरलाय, तुमची माहिती नोंदवून घ्यायची आहे. नव्या मार्गदर्शकांनी तसं सांगितलं होतं का तिचं तिनेच ठरवलं होतं, मी विचारलं नाही. मी चहा करते म्हणाले, ती म्हणाली नंतर.

तिने विचारलं, सुरुवातीला रुमाल किती होते. मी म्हणाले, आठवत नाही. त्यांना पेढीचे आकडे किंवा खुणा होत्या का. असतील, मी बघितलं नाही. सोडण्यापूर्वी काही लिहून ठेवलं होतं का, कशातून काय निघालं ते. नाही. मी, जी धोब्याचे कपडेसुद्धा लिहून ठेवते, मी एक ओळ लिहून ठेवली नव्हती, कारण तो क्रम आहे असं मला वाटलंच नव्हतं. पहिल्या दिवशी कुठला रुमाल सोडला. माहीत नाही. जुनी कापडं कुठल्या रंगाची होती. एक निळसर होतं. नक्की? नाही.

ती माझं प्रत्येक ‘माहीत नाही’ वेगळ्या ओळीवर लिहीत होती, प्रश्नासमोर, स्वच्छ अक्षरात. मी म्हणाले, हे कशाला लिहितेस, यात काही नाही. ती मान वर न करता म्हणाली, ‘हे पण उत्तरच आहे की मॅडम. कशाचं ते नंतर बघू.’ आणि तिने पुढचा प्रश्न विचारला.